बारा घरं, एक टाकी आणि माझा सूर

कलेसाठी माणसं काय काय करतात! कुणी घरदार सोडतं, कुणी उपाशी राहतं, कुणी दाढी वाढवतं. मला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. घर सोडलं तर आई अर्ध्या तासात शोधून आणणार, उपास मला सकाळी साडेदहापर्यंतच झेपतो, आणि तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. म्हणून मी अंड्यांचे साठ रिकामे ट्रे घरी आणले.

पण त्याआधी ओठांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

शाळेत समूहगीताची तालीम चालू होती. चाळीस मुली, तीन रांगा, मी तिसरीत. संगीताच्या बाई मध्येच टाळी वाजवून थांबल्या. मग गॅस कुठून गळतोय ते हुंगत फिरावं तशा कान पुढे करून रांगांमधून फिरल्या, आणि बरोब्बर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू ना," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तू फक्त ओठ हलव हं. उभी मात्र छान राहतेस."

एकोणचाळीस मुली हसल्या. बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. घरी येऊन तक्रार तरी करता आली असती. गोड बोलून केलेल्या अपमानाची तक्रार करायला गेलं की आई म्हणते, "मग चांगलंच म्हणाल्या की, उभी छान राहतेस!"

दोन दिवस मी काचेच्या पेटीतल्या माशासारखे ओठ हलवले. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. वार्षिक कार्यक्रमात यंदा नवा विभाग : स्वतः तयार केलेलं संगीत, तीन मिनिटं, रेकॉर्ड करून सोमवारी सकाळी दहाच्या आत द्यावं. घोळक्यात कुणीतरी म्हणालं, "हिला पाठवा, ही ओठ रेकॉर्ड करून आणेल!" आणि माझ्या तोंडून, म्हणजे ज्या तोंडातून आवाज काढायला बंदी होती त्याच तोंडून, खणखणीत निघालं, "आणणारच आहे! असं आणीन की बाई स्वतः विचारतील, हे कोणाचं म्हणून!"

असलं वाक्य शाळेत मधल्या सुट्टीच्या आत शिपाईमामांपर्यंत पोचतं. पोचलं. परतीचे दोर कापले गेले, आणि कापणारी मीच होते.

माझ्या मैत्रिणीला सगळे बॅटरी म्हणतात, कारण तिच्या चष्म्याच्या काचा जाड आहेत. पण खरी गोष्ट अशी की वर्गात उजेड पडतो तो तिच्यामुळेच. तिच्या ताईचा लॅपटॉप ती तिच्या ताईपेक्षा चांगला चालवते. तिने चष्मा वर सरकवून विचारलं, "तू गाणार आहेस?"

"नाही. मी आवाज गोळा करणार आहे. दाराचे, नळाचे, डब्यांचे. ते कापून, जोडून, उलटे वाजवून संगीत करायचं. जगात लोक करतात असं."

"जगात लोकांना स्टुडिओ असतात."

मग स्टुडिओ करायचं ठरलं. बॅटरीने कुठेतरी वाचलं होतं की भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की खोलीतला आवाज घुमत नाही. (हे पुढे निम्मं खोटं निघालं. निम्मं खरं असलेलं ज्ञान हे पूर्ण अज्ञानापेक्षा जास्त सामान उचलायला लावतं.) मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन खेपांत साठ ट्रे आणले. जिन्यात मला दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनकाकू भेटल्या. त्या दिवसभर शिवणयंत्रावर बसून कपडे शिवतात आणि कान मात्र जिन्यात वाळत घालतात.

"एवढे ट्रे? कोंबड्या पाळताय की काय?"

"हो ना काकू," मी दम खात गमतीत म्हणाले, "पहिली तुकडी रविवारी येतेय."

गंमत फक्त समोरासमोर करावी आणि समोरच्याचा चेहरा हसेपर्यंत तिथून हलू नये, हा धडा मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. खाली फलकावर सूचना होती : 'इमारतीत कुक्कुटपालन करण्यास सक्त मनाई आहे. पक्षी आढळल्यास जप्त केले जातील. – सेक्रेटरी.'

आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. त्यांना आम्ही मुलं नियमकाका म्हणतो. त्यांच्या बगलेत कायम एक लाल रजिस्टर असतं. कुठलीही गोष्ट त्यात लिहिल्याशिवाय इमारतीत घडली असं धरत नाहीत. एकदा लिफ्ट बंद पडून ते स्वतः आत अडकले होते, तर आधी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आणि मग मदतीसाठी ओरडले.

ते कोंबड्या बघायला आमच्या घरी आले तेव्हा मी कपाटात होते. कपाटात गाद्या, रजया आणि मी अशी मांडणी होती, कारण ट्रे डिंकाने भिंतीला चिकटत नव्हते आणि बॅटरीचं म्हणणं पडलं की रजयांमध्ये आवाज न घुमता कोरडा ठणठणीत येतो. मी आतमध्ये दोन चमचे एकमेकांवर आपटत होते. आत्याने, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीने, जाता जाता उघडं दार दिसलं म्हणून कपाट लावून टाकलं. आत्याला उघडी दारं, ठिबकते नळ आणि अर्धवट वाक्यं सहन होत नाहीत.

"आत काहीतरी खुडबुडतंय," नियमकाकांचा आवाज मला कापसातून ऐकू आला.

"कोंबडी नाही हो," आई म्हणाली.

"मग काय आहे?"

आईने दार उघडलं. मी घामाने निथळत, दोन चमचे हातात धरून बाहेर पडले. नियमकाकांनी माझ्याकडे बघितलं, चमच्यांकडे बघितलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्याला दोन ओळी लागल्या.

कोरड्या आवाजाचा माझा काळ इथे संपला. आणि त्याच संध्याकाळी मी गच्चीवर तोंड पाडून बसले असताना टाकीवाले पाहणीला आले. सहा महिन्यांतून एकदा ते पाण्याची टाकी धुतात. रविवारी धुवायची होती. त्यांनी झाकण उघडून आत डोकं घातलं आणि खोकले.

काय सांगू! तो खोकला टाकीच्या चारी भिंतींना भेटून, सगळ्यांची विचारपूस करून, लांब अंगरखा घातल्यासारखा बाहेर आला. साधा खोकला. मला वाटलं कुणी राजा कूच करतोय. या टाकीत माझे चमचे कसे वाजतील? आणि माझा आवाज? म्हणजे, गाणार नव्हतेच मी. पण समजा.

टाकीवाले म्हणाले, "रविवारी नऊला रिकामी होते, धुऊन दहाला मोकळी. अकराला पाणी सोडतात. मधला तास तुझा. पण सेक्रेटरीसाहेबांची परवानगी आण बाई. मागच्या वेळी माझी बादली नोंदवायची राहिली, तर मला बादली न्यायला दोन दिवस लागले."

परवानगीच्या छापील अर्जावर कारणांच्या चौकटी होत्या : गळती, रंगकाम, गाडी लावणे, इतर. मी 'इतर'वर खूण केली. नियमकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "इतर म्हटलं की बाराही घरांच्या सह्या. हे असं मधूनच टाकीत उतरणं नियमात बसत नाही."

इथे माझ्या बाबांचा प्रवेश होतो. बाबा एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहेत. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. अठ्ठावीस वर्षं हेच. घरी त्यांच्या या कौशल्याची कुणाला गरज पडत नाही, त्यामुळे ते जरा खंतावलेले असतात. अर्ज म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मला भरून आलं. त्यांनी चार पानी अर्ज लिहिला, त्याला जावक क्रमांक एक दिला आणि म्हणाले, "बाळ, कागद भक्कम असला की माणूस बुडत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

सह्या मागायला निघाले तेव्हा मला कळलं की जगात फुकट सही नसते. मशीनकाकू म्हणाल्या, "माझं यंत्र वाजणार असेल तर करते. कोंबड्यांचं मी मनावर घेतलेलं नाही." तिसऱ्या मजल्यावर घोषणाकाका राहतात. ते तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होते आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. ते म्हणाले, "सही करतो, सही करतो. पण माझा आवाज घ्यायचा, माझा आवाज घ्यायचा." बाकीच्या घरांनीही काही ना काही देऊ केलं. कुणी किल्ल्यांचा जुडगा, कुणी जावयाची शिट्टी. जावई त्या वेळी परगावी होता.

मी सगळ्यांना हो म्हटलं. तासाभरात तीन मिनिटं भरायची होती, आणि माझ्या वहीत सगळं आखलेलं होतं : आधी थेंब, मग चमचे, मग झाकणाचा दणका, मग शांतता. शांतता मला विशेष आवडायची.

रविवारी सव्वादहाला मी शिडीवरून टाकीत उतरले. टाकी माझ्या डोक्याहून हातभर उंच, भिंती ओल्या, तळाशी बोटभर पाणी. आईचा मोबाइल भाजीच्या जाळीदार पिशवीत घालून, पिशवी कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून वरच्या भोकातून आत सोडलेली. दोरीचं दुसरं टोक बॅटरीच्या हातात. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. वर अजून कुणी आलं नव्हतं आणि बॅटरीही दोरी ओढत कठड्यापाशी गेली होती, म्हणून मी, कुणी ऐकत नाही असं बघून, हळूच एक सूर लावून पाहिला. नुसतं 'आ'. तो आ टाकीभर पसरला. तो बेसूर होता की नव्हता, देव जाणे, पण एवढ्या मोठ्या जागेत तो कुणाच्या पायात येत नव्हता.

मग वर भोकाभोवती डोकी जमली आणि माझा आ संपला.

"आधी माझं यंत्र," मशीनकाकू म्हणाल्या. ते त्यांनी चौघांकडून गच्चीवर चढवून घेतलं होतं.

"आधी घोषणा असते, आधी घोषणा असते," घोषणाकाका म्हणाले.

"बस निघून गेली तुमची आता!"

"अहो, यंत्राला काय कळतं संगीतातलं, यंत्राला काय कळतं!"

"शांतता!" नियमकाका भोकावर वाकून म्हणाले. "क्रम अर्जात दिलेला नाही. हे नियमात बसत–"

आणि बगलेतलं लाल रजिस्टर सुटलं. ते माझ्या खांद्यावरून घसरून, थप्पकन, टाकीच्या तळाशी पाण्यात पडलं.

एक क्षण संपूर्ण गच्ची गप्प. मला हवी होती तीच शांतता, पण तिचा आस्वाद घ्यायची ती वेळ नव्हती. कारण भांडणात वेळ कुणीच पाहिली नव्हती, आणि तेवढ्यात माझ्या मागे नळी घुरघुरली. अकरा वाजले होते. खाली वॉचमनने पाणी सोडलं होतं.

"वॉचमन! व्हॉल्व्ह बंद कर!" नियमकाका कठड्यावरून ओरडले.

खालून आवाज आला, "चिठ्ठी द्या!"

हा नियम नियमकाकांनीच केलेला होता. लेखी चिठ्ठीशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि चिठ्ठी रजिस्टरच्याच पानाची हवी. वॉचमन नवीन होता आणि प्रामाणिक होता. हे दोन गुण एकत्र आले की पाणी थांबत नाही.

"रजिस्टर आत पडलंय!"

"मग चिठ्ठी द्या!"

"कृपया लक्ष द्या, कृपया लक्ष द्या," घोषणाकाका खुलले, "व्हॉल्व्ह बंद करावा, व्हॉल्व्ह बंद करावा!"

"चिठ्ठी!"

"मी देतो लिहून," माझे बाबा म्हणाले. मला हायसं वाटलं. मग बराच वेळ काही झालं नाही. "बाबा?" मी आतून हाक मारली. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. "एक मिनिट बाळ," वरून आवाज आला, "जावक क्रमांक दोन की तीन तेवढं आठवतोय."

शिडी समोरच होती, त्यामुळे बुडायचा प्रश्न नव्हता. पण मी रजिस्टर शोधत होते, आणि ते तरंगत सारखं दुसऱ्या कोपऱ्यात जात होतं. वर मशीनकाकूंनी 'एवढी माणसं जमलीच आहेत तर' असा विचार करून यंत्र चालवायला सुरुवात केली होती. खटखटखटखट. "हे नियमात बसत नाही!" खटखट. "चिठ्ठी!" "लक्ष द्या, लक्ष द्या!" आई ओरडत होती, "माझा मोबाइल! आणि ती कार्टी!" या क्रमाने. मी तो क्रम विसरलेले नाही.

शेवटी गच्चीच्या कोपऱ्यात बसलेली आत्या उठली. तिला ठिबकते नळ सहन होत नाहीत हे मी सांगितलंच. ती चार जिने उतरली, वॉचमनला बाजूला केलं आणि व्हॉल्व्ह फिरवला. चिठ्ठीविना. इमारतीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, आणि रजिस्टर ओलं असल्यामुळे अधिकृतपणे ते घडलेलंच नाही.

मी गुडघ्यापर्यंत भिजून, रजिस्टर छातीशी धरून वर आले. स्वागत असं काही झालं नाही. टाकीत माझे पाय बुडाल्यामुळे ती पुन्हा धुवावी लागणार होती. दिवसभर बारा घरांना पाणी नाही. ज्यांनी सही करताना पाठ थोपटली होती, ते आता 'आम्ही आधीच म्हणालो होतो'वर आले होते. आणि माझ्याकडे काय होतं? थेंब नाही, चमचे नाहीत, दणका नाही. तासाभराचं भांडण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शाळेत संगीत द्यायचं होतं, आणि नाही दिलं तर मी उरलेलं शालेय आयुष्य ओठ हलवणार होते.

"ते रेकॉर्डिंग पुसून टाक," नियमकाका म्हणाले. ते रजिस्टरची पानं सुटी करून, माझ्याच दोरीवर, चिमटे लावून वाळत घालत होते.

माझी मान खाली होती. पण तोंड, त्याचं काय करावं, ते पुन्हा आपलं आपण उघडलं.

"काका, तसं लेखी द्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओल्या पानांकडे पाहिलं. पानं वाळायला मंगळवार उजाडणार होता. नियम म्हणजे नियम.

बॅटरीकडे दुपारी आम्ही तो सगळा तास ऐकला. मी उशीत तोंड खुपसून बसले होते. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "अगं, हे सगळे तालात भांडतायत."

खरंच होतं. टाकीने सगळ्यांना आपल्यात घेऊन असं काही घोळवलं होतं की 'चिठ्ठी' हा ढोलाचा ठोका झाला होता. शिवणयंत्र धावत होतं, पाणी खाली सतत एक सूर धरून होतं, आणि घोषणाकाका तर आयुष्यभर ठेक्यातच बोलत आले होते. आम्ही कापलं, जोडलं, 'नियमात'चा तुकडा उलटा वाजवून पाहिला, तो सुलट्यापेक्षा जास्त समजत होता. दिवेलागणीपर्यंत तीन मिनिटं तयार झाली.

"सुरुवातीला हे कोण गातंय?" बॅटरीने अचानक विचारलं.

"मी. काढ ते."

"नाही काढणार. बाकी सगळे ओरडतायत. गाणारी तू एकटीच आहेस."

सोमवारी पावणेदहाला मी ते दिलं आणि शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत कुणाला कळणार नाही, म्हणून निश्चिंत झाले. पण बाबा जावक क्रमांक न आठवल्यामुळे आतून पोखरले गेले होते. भरपाई म्हणून त्यांनी बाराही घरांना कार्यक्रमाचं निमंत्रण नेऊन दिलं. क्रमांक तीन ते चौदा. मी सभागृहाच्या पडद्याआडून पाहिलं तर दुसऱ्या रांगेत अख्खी इमारत बसलेली, आणि मधोमध नियमकाका, बगलेत रजिस्टर. ते वाळून दुप्पट फुगलं होतं.

मी पडद्यामागे आणखी आत सरकले, एक डोळा मात्र फटीला ठेवला.

दिवे मंदावले. आधी माझा आ आला, टाकीएवढा. मग पाणी. मग खटखटखट, आणि कुठूनतरी खोलातून, "चिठ्ठी!" सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. "लक्ष द्या, लक्ष द्या!" हसू वाढलं. माझ्या इमारतीच्या रांगेत कुणी हसत नव्हतं. मशीनकाकूंचा पाय मात्र खाली आपोआप चालत होता. आणि मग, मोठ्या आवाजात, चार भिंतींत घुमून, "हे नियमात–"

नियमकाका ताडकन उभे राहिले. रजिस्टर उंच धरून, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असे ओरडले, "हे नियमात बसत नाही!"

रेकॉर्डिंगमधून लगेच आलं, "चिठ्ठी!"

बरोब्बर ठोक्यावर.

सभागृह हसून कोसळलं. लोकांना वाटलं, कलाकार प्रेक्षकांत बसवलाय! टाळ्या, शिट्ट्या, मागच्या रांगा उभ्या. नियमकाका गोंधळून डावीकडे बघतायत, उजवीकडे बघतायत. त्यांच्यासाठी आयुष्यात कुणी टाळी वाजवली नसावी. आणि मग त्या माणसाने, मी डोळ्यांनी पाहिलं, पुढची संधी अचूक हेरली. रेकॉर्डिंगमधला नियम पुन्हा आला तेव्हा ते त्याच्याबरोबर म्हणाले. तिसऱ्या वेळेस हात उंचावून म्हणाले. शेवटी किंचित वाकून नमस्कार केला.

पहिला नंबर एका मुलीच्या बासरीला मिळाला. माझ्यावर परीक्षकांनी वीस मिनिटं चर्चा केली. हे वादन धरायचं, गायन धरायचं की नाट्य, ते ठरेना. अखेर खास प्रमाणपत्र मिळालं. त्यावर विभागाच्या जागी छापलंय, 'इतर'. बाबांनी त्याला आवक क्रमांक दिला आणि भिंतीवर लावलं, अंड्यांच्या एका ट्रेमुळे डिंकाचा डाग पडलाय बरोब्बर तिथे.

नियमकाकांचं पत्र मात्र आलंच. मी भीतभीत उघडलं. तक्रार अशी होती की त्यांचं वाक्य पाच वेळा आणि घोषणाकाकांचं दहा वेळा आलं आहे, हा पक्षपात आहे. घोषणाकाका म्हणाले, "मी पाचदाच बोललोय, मी पाचदाच बोललोय."

आणि संगीताच्या बाई? पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं. "सुरुवातीचा तो आवाज," त्या जरा इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "कोणाचा होता गं?"

"माझा, बाई."

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आपलं समूहगीत स्पर्धेला रेकॉर्ड करून पाठवायचंय. तू करशील?"

मी शाळेतल्या सगळ्या जिन्यांखाली टाळ्या वाजवून पाहिल्या आणि जुने बाक ठेवतात त्या जिन्याखालची जागा निवडली. तिथे आवाज गोल होतो. एकोणचाळीस मुली उभ्या केल्या, आईचा मोबाइल जाळीच्या पिशवीत टांगला, बॅटरीला दोरी दिली. पहिली खेप वाया गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला मी डोळे मिटून, कान पुढे करून, हळूहळू रांगांमधून फिरले. काहीतरी सगळ्यांच्या वर, अर्धा ठोका पुढे, जोरात येत होतं. मी ज्यांच्यासमोर जाऊन थांबले, त्या हातांनी ताल देत होत्या आणि सवयीने, अगदी मनापासून, मुलींबरोबर गात होत्या.

मी माझा सगळ्यात गोड आवाज काढला.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही ना, फक्त ओठ हलवा हं. उभ्या मात्र छान राहता."